बारसं

वरूडला मोर्शी रोडवर, कृषी केंद्राच्या माडीवर
आमची कंपनी: अकरा माणसं, एक इन्व्हर्टर
आणि संत्र्याच्या सौद्याचं ॲप.
फवारणीच्या औषधाचा वास जिन्यानं वर यायचा,
डब्यातल्या भाकरीलाही लागायचा.

मे महिन्यात ढोमणे मॅडमनी पुसल्याहून
तुळशीदास युवनात्यांना बोलावलं.
मंडीत फळ तळहातावर तोलून
प्रत सांगणारा माणूस. जन्मापासून दिसत नाही.
चहा नको म्हणाले. खुर्ची चाचपली, बसले,
फोन कानाशी धरला.
फोन बोलू लागला, कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्या तसा.
आम्हाला एक शब्द पकडता येईना.
मग आमच्यासाठी त्यांनी त्याला हळू केलं:

बटण.
बटण.
बटण.
चित्र, नाव नाही.
बटण.

ते थांबले.
"नऊ लेकरं हायेत इथं," म्हणाले,
"एकाचंबी बारसं नाही केलं का, बाप्पा?"

ती नऊही माझी होती.
रात्री जागून काढली होती त्यांची चित्रं:
काटा, नोट, ट्रक, उघडा तळहात.
मला वाटायचं, चित्र बोलतं.

विपुलनं विचारलं, असे गिऱ्हाईक असून असून किती?
मॅडम काही बोलल्या नाहीत.
त्याला गच्चीवर नेलं, दुपारी एकच्या उन्हात,
हातात फोन दिला. वाच, म्हणाल्या, आजचा भाव.
पांढऱ्यावर आमची फिकी राखाडी अक्षरं,
कूलरपुढे काय देखणी दिसायची ती.
विपुल हाताची सावली करी, फोन तिरका करी,
शेवटी शर्टात डोकं खुपसून वाचू लागला.

त्याच संध्याकाळी गजू रेवतकर उठून उभा राहिला.
हिरवा ठिपका म्हणजे सौदा झाला,
लाल म्हणजे फिसकटला,
"मले दोन्ही एकसारखेच दिसते."
तीन वर्षं तो शेजारच्या खुर्चीला विचारत होता,
हा लाल ना बे?
आणि आम्ही मस्करी समजून हसत होतो.

दर बुधवारी सगळे माऊस बिस्किटाच्या डब्यात.
पहिल्या बुधवारी टॅब दाबत दाबत
मी नोंदणीच्या चौकटीत शिरलो
आणि बाहेर येता येईना.
नाव, गाव, मोबाईल, नाव, गाव, मोबाईल,
घाण्याच्या बैलागत.
चौकट मीच बांधलेली. दार ठेवायचं राहिलं होतं.

जूनची तारीख हुकली.
नागपूरहून साहेबांचा फोन आला, मॅडम जिन्यात जाऊन बोलल्या.
परत आल्या तेव्हा कान लालबुंद झाले होते,
गजू सोडून सगळ्यांना दिसलं.

मग बसलो बारशाला.
नावं ठेवणं आम्हाला येत होतंच,
नाव देणं शिकावं लागलं.
'पुढे' म्हणजे कुठे पुढे?
'ओके' म्हणजे कशाला?
गाडी बोलवा. काटापट्टी पाहा.
ढिगाच्या फोटोखाली हेमलतानं लिहिलं: संत्री.
युवनात्यांचा पुसल्याहून फोन,
"बाई, संत्री हायेत हे तं मलेबी मालूम.
डागी का बिनडागी, लहान का मोठी?"
तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.
एक फोटो अजूनही तसाच आहे,
आयएमजी शून्य चार,
कोणाच्या वाट्याचा, यावर भांडण चालू आहे.

कार्तिकात आंबिया बहार उतरला.
युवनाते पुन्हा आले, त्याच खुर्चीत बसले,
या वेळी चहा घेतला.
बोट काचेवरून सरकत गेलं, फोन म्हणाला:
सौदा मान्य करा, बटण.

आम्ही अकराजण श्वास धरून.
बोट तिथंच.
खालून कोणी तरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती.

"नाही दाबत," म्हणाले,
"भाव कमी हाये."